न काढता येणारा चष्मा

डिस्क्रीट स्ट्रक्चर्सच्या सिलॅबसमध्ये ग्राफ थिअरीचं युनिट सुरू झालं की पहिल्याच पानावर एक गाव भेटतं. नदी, नदीत बेट, सात पूल. आणि प्रश्न असा की प्रत्येक पूल एकदा आणि एकदाच ओलांडून सगळं गाव फिरता येईल का? ऑयलरने १७३५ मध्ये दाखवून दिलं की नाही येणार, कितीही डोकं लढवा! आपण हे चार मार्कांना लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्या गावाचं नाव कोनिग्सबर्ग. ऑयलर हे सिद्ध करत होता तेव्हा त्याच गावात एक अकरा वर्षांचा किडकिडीत मुलगा शाळेत लॅटिन घोकत होता. पुढे सेहेचाळीस वर्षांनी त्या मुलानेही एक 'नाही येणार' मांडलं. पुलांबद्दल नाही, माणसाच्या बुद्धीबद्दल. जे जग आपल्याला दिसतं, ऐकू येतं, मोजता येतं, त्याच्या पलीकडे वस्तू मुळात जशा असतील तशा असतील. पण तिथपर्यंत जाणारा पूल माणसाकडे नाही, असं त्याचं म्हणणं.

तो मुलगा म्हणजे इमॅन्युएल कांट. आपण इंजिनिअरिंगवाले त्याच्या वाटेला सहसा जात नाही. फार तर एखाद्या वक्तृत्व स्पर्धेत कोणीतरी त्याचं नाव फेकतं आणि परीक्षक मान डोलावतात. पण गंमत अशी की हा माणूस आयुष्याची पहिली चाळीस वर्षं आपल्याच गल्लीतला होता. न्यूटन, भरती-ओहोटी, भूकंप, सूर्यमाला हेच त्याचे विषय होते. 'पलीकडचं' या प्रश्नाकडे तो फिजिक्सच्या दारातून आला, म्हणून त्याची गोष्ट आपल्याला समजायला खरं तर सोपी जायला हवी.

कांटचा जन्म २२ एप्रिल १७२४ चा. कोनिग्सबर्ग हे तेव्हा प्रशियाचं, बाल्टिक समुद्राजवळचं व्यापारी बंदर. वडील घोड्यांचे पट्टे, लगाम असं चामड्याचं काम करणारे कारागीर. पैसा बेताचा, भावंडं पुष्कळ, त्यातली काही लहानपणीच गेली. आई फार शिकलेली नव्हती, पण पोराला गावाबाहेर नेऊन झाडं, तारे दाखवायची. कांट तेरा वर्षांचा असताना ती गेली. चर्चमधल्या एका धर्मगुरूच्या नजरेत हा हुशार मुलगा भरला होता म्हणून तो चांगल्या शाळेत तरी पडला. शाळा मात्र प्रार्थना आणि शिस्त यांचा घाणाच होती. म्हातारपणीही त्या दिवसांची आठवण त्याला नकोशी वाटे.

१७४० मध्ये, सोळाव्या वर्षी तो गावातल्याच युनिव्हर्सिटीत दाखल झाला. तिथे मार्टिन क्नुट्झेन नावाचा तरुण प्राध्यापक भेटला आणि त्याने आपल्या कपाटातली न्यूटनची पुस्तकं या मुलाला वाचायला दिली. झालं! प्रत्येकाच्या आयुष्यात असा एक सर असतो (नसेल तर लायब्ररीत शोधावा).

पहिलं पुस्तक त्याने विशीच्या सुरुवातीलाच लिहायला घेतलं. विषय काय, तर हलत्या वस्तूची 'ताकद' वस्तुमान गुणिले वेग अशी मोजायची की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग अशी? देकार्तवाले एकीकडे, लाइब्निट्झवाले दुसरीकडे, आणि हा मुलगा दोघांची समजूत घालायला मध्ये! आज अकरावीचा विद्यार्थीही सांगेल की एक मोमेंटम आहे, दुसऱ्याचा निम्मा केला की कायनेटिक एनर्जी, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. दालांबेरने १७४३ मध्येच हे भांडण बरंचसं शब्दांचं आहे असं दाखवलं होतं. कांटला त्याचा पत्ता नव्हता. लिटरेचर सर्व्हे न करता प्रोजेक्ट केला की असं होतं.

१७४६ मध्ये वडील गेले. डिग्रीला पैसे नाहीत, म्हणून सहा-सात वर्षं आसपासच्या खेड्यांत लोकांच्या मुलांना शिकवून काढली. त्याच्या उभ्या आयुष्यातला हा सगळ्यात लांबचा प्रवास. पूर्व प्रशियाच्या त्या कोपऱ्याबाहेर तो कधीच गेला नाही. समुद्र इतका जवळ, पण जहाजातून दूर कुठे गेला नाही. आणि तरीही लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचं वर्णन त्याने एवढं बारकाईने केलं की तिथे असलेल्या एका इंग्रजाने त्याला तुम्ही लंडनमध्ये किती वर्षं होता असं विचारलं, अशी आठवण त्याच्या एका विद्यार्थ्याने लिहून ठेवली आहे.

१७५४-५५ ही दोन वर्षं म्हणजे कमालच. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंदावत असलं पाहिजे, हे त्याने मांडलं. ते खरं आहे. फिरत्या वायूच्या आणि धुळीच्या ढगातून सूर्यमाला तयार झाली असावी, हे मांडलं. लाप्लासने स्वतंत्रपणे तसाच विचार १७९६ मध्ये मांडला आणि त्याचा गाढा आजही ओढला जातो. दुर्बिणीत दिसणारे काही धूसर ठिपके म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या आकाशगंगा असतील, हेही त्याने मांडलं. ते हबलच्या निरीक्षणांनी १९२० च्या दशकात पक्कं झालं. यातलं सूर्यमालेचं आणि आकाशगंगांचं ज्या पुस्तकात होतं त्याच्या प्रकाशकाचं दिवाळं निघालं आणि पुस्तक फारसं कोणापर्यंत पोचलंच नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं तेव्हा सगळा युरोप देवाचा कोप म्हणत होता. कांटने जमिनीखालची नैसर्गिक कारणं शोधणारे लेख लिहिले. कारणं चुकीची निघाली, पण शोधायची दिशा बरोबर होती.

त्याच वर्षी तो युनिव्हर्सिटीत शिकवायला लागला. पगार मात्र नाही! त्या काळी असा शिक्षक विद्यार्थ्यांनी थेट दिलेल्या फीवर जगायचा. वर्ग रिकामा तर खिसा रिकामा. म्हणून लॉजिक, गणित, फिजिक्स, भूगोल, तटबंदीचं शास्त्र, जे मागाल ते शिकवायचं. कोनिग्सबर्ग १७५८ ते १७६२ रशियाच्या ताब्यात होतं तेव्हा रशियन अधिकारीही त्याच्या वर्गात बसत. माणूस जेमतेम सव्वापाच फुटांचा, छाती आत गेलेली, पण बोलायला लागला की वर्ग हसायचा आणि ऐकायचा. संध्याकाळी बिलियर्ड्स, पत्ते, पार्ट्या. कांट म्हणजे घड्याळासारखा रुक्ष म्हातारा हे जे चित्र आहे ते नंतरचं. तरुणपणी तो गावातला लोकप्रिय, नीटनेटके कपडे घालणारा मास्तर होता. असं पंधरा वर्षं चाललं. प्रोफेसरची जागा मिळाली ती १७७० मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. 'पलीकडचं' कांटच्या टेबलावर आलं ते एका विचित्र वाटेने.

स्वीडनमध्ये स्वेडनबोर्ग नावाचा एक मोठा विद्वान होता. खाणींचा तज्ज्ञ, म्हणजे जवळजवळ इंजिनिअरच. उतारवयात तो सांगायला लागला की आपण आत्म्यांशी बोलतो, परलोक बघून येतो. १७५९ मध्ये स्टॉकहोमला आग लागली तेव्हा हा शेकडो किलोमीटर दूर गोटेनबर्गमध्ये एका मेजवानीत होता आणि तिथूनच त्याने आगीची खबर दिली, अशी हकिगत सगळीकडे पसरली. आपल्याकडेही अशा हकिगती काही कमी नाहीत. लोक दोन गोष्टी करतात: एकतर हात जोडतात, नाहीतर हसून सोडून देतात. कांटने तिसरी गोष्ट केली. त्याने ओळखीच्या एका इंग्रज माणसाकरवी स्वीडनमध्ये चौकशी करवली, आणि स्वेडनबोर्गचे आठ जाडजूड खंड तुटपुंज्या कमाईतून विकत घेऊन वाचून काढले. वाचून वैतागला. १७६६ मध्ये त्याने यावर नाव न घालता एक छोटं पुस्तक काढलं, अर्धं थट्टेचं.

थट्टा स्वेडनबोर्गची होतीच, पण खरा टोला दुसरीकडे बसला. कांटच्या लक्षात आलं की आत्मा कसा आहे, विश्वाला सुरुवात आहे की नाही, हे युनिव्हर्सिटीतले तत्त्वज्ञही ठामपणे सांगतात. ते निदान भुतं बघत नाहीत, नुसत्या तर्काने सांगतात, एवढाच फरक. पण दोघांकडेही तपासायला काय आहे? अनुभव नाही, प्रयोग नाही. मग एकाला वेडा आणि दुसऱ्याला प्रोफेसर का म्हणायचं? हा प्रश्न विचारणारा स्वतःच त्या प्रोफेसरच्या खुर्चीसाठी वर्षानुवर्षं वाट बघत होता, हे लक्षात घ्या.

दुसरा धक्का स्कॉटलंडच्या ह्यूमचा. ह्यूमचं म्हणणं थोडक्यात असं: आपण पाणी तापवतो, ते उकळतं. हजार वेळा तापवलं, हजार वेळा उकळलं. पण तापवल्यामुळे ते 'उकळलंच पाहिजे', हा जो 'च' आहे तो कोणी कधी पाहिला आहे? एकापाठोपाठ एक घडलेल्या घटना दिसतात, त्यांना बांधणारी दोरी दिसत नाही. दोरी म्हणजे आपली सवय. विचार करा, हे जर खरं असेल तर न्यूटनचे नियम म्हणजे आजपर्यंतच्या योगायोगांची यादी झाली. आपण बीम डिझाईन करतो ते उद्याही स्टीलने कालच्यासारखंच वागावं या सवयीवर! कांट न्यूटनवर वाढलेला. तो हे हसून सोडून देऊ शकत नव्हता, आणि ह्यूमला उत्तर द्यायला त्याच्याजवळ काही नव्हतं.

तिसरी गोष्ट अगदी वर्कशॉपमधली. १७६८ च्या एका लेखात त्याने डावा हात-उजवा हात, आणि उजव्या व डाव्या आट्यांचे स्क्रू यांचा विचार केला. दोन स्क्रू घ्या. लांबी, व्यास, आट्यांमधलं अंतर, सगळी मापं तंतोतंत सारखी, फक्त एक सुलट आट्याचा आणि एक उलट. आतल्या भागांचे एकमेकांशी संबंध अगदी तेच. तरीही एकाच्या नटमध्ये दुसरा बसत नाही. मग फरक आहे कुठे? वस्तूच्या गुणांच्या यादीत तर तो नाही. कांट आधी म्हणाला की फरक स्वतंत्र अशा अवकाशात आहे. नंतर त्याला वाटलं की अवकाश ही वस्तूंजवळची गोष्टच नसावी, ती आपल्या पाहण्याची रीत असावी.

१७७२ मध्ये त्याने बर्लिनमध्ये असलेल्या मार्कुस हर्ट्झ या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहिलं, की मुख्य प्रश्न सापडला आहे, माझ्या डोक्यातल्या कल्पना बाहेरच्या वस्तूंना लागू पडतात त्या कशाच्या जोरावर. पुस्तकाचा पहिला भाग तीन महिन्यांत देतो असंही कळवलं. पुस्तक आलं १७८१ मध्ये. नऊ वर्षं! सबमिशनच्या तारखा पुढे ढकलणाऱ्या तमाम मंडळींनी याची नोंद घ्यावी. पण त्या नऊ वर्षांत त्याने जवळजवळ काहीच छापलं नाही, लोकांना वाटलं माणूस संपला. जोसेफ ग्रीन नावाच्या इंग्रज व्यापारी मित्राकडे दुपारी जाऊन बसायचं आणि वाक्यन् वाक्य त्याच्यासमोर तपासून घ्यायचं, असा त्याचा क्रम होता असं सांगतात. ग्रीन तत्त्वज्ञ नव्हता. हिशेबाचा पक्का आणि वेळेचा भयंकर पक्का माणूस. कांटला घड्याळाची जी प्रसिद्ध सवय लागली ती बरीचशी या मित्राकडून.

पुस्तकाचं नाव 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा'. पानं आठशेच्या वर, भाषा अशी की जर्मन लोकही घाबरतात. मी सगळं वाचलंय असा आव आणत नाही, पण गाभा समजून घेता येतो.

लॅबमध्ये आपण सेन्सर लावतो. सेन्सर ताप, दाब, प्रकाश यांचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करतो, पुढे त्याचे आकडे होतात, पडद्यावर ग्राफ येतो. आपण 'तापमान बघितलं' म्हणतो, खरं तर ग्राफ बघितला. ग्राफला एक्स आणि वाय अक्ष आहेत ते तापमानाने आणलेले नाहीत, ते सॉफ्टवेअरने आधीच आखलेले आहेत. कांटचं म्हणणं असं की माणसाचं मन म्हणजेही असंच आधी अक्ष आखून बसलेलं यंत्र आहे. बाहेरून काहीतरी येतं, पण ते आपल्यापर्यंत पोचतं ते अवकाश आणि काळ या दोन अक्षांवर मांडूनच. त्यावर बुद्धी आपले साचे लावते: हे एक, हे अनेक, ही वस्तू, हे तिचे गुण, हे कारण, हे कार्य. असे बारा साचे त्याने मोजले. ह्यूमला न सापडलेला तो 'च' इथे आहे. प्रत्येक घटनेला कारण असलंच पाहिजे, कारण ज्याला कारण नाही असं काही 'घटना' म्हणून आपल्याला दिसणारच नाही. म्हणजे न्यूटन वाचला! पण किंमत मोजून. हे सगळे नियम आपल्याला दिसणाऱ्या जगाचे. आपल्या अक्षांशिवाय आणि साच्यांशिवाय वस्तू स्वतः कशी आहे, तिला कांट 'डिंग आन झिश' म्हणतो, त्याबद्दल आपण एक अक्षरही सांगू शकत नाही.

इथे हमखास एक घोटाळा होतो. आपल्याला वाटतं, हो बरोबर, डोळ्याला अल्ट्राव्हायोलेट दिसत नाही, कुत्र्याला जास्त वास येतात, वटवाघूळ आवाजाने 'बघतं', तेच ते पलीकडचं जग. नाही! अल्ट्राव्हायोलेट, एक्स-रे, इलेक्ट्रॉन, ब्लॅक होल, हे सगळं कांटच्या हिशेबी अलीकडचंच. कारण ते अवकाशात आहे, काळात आहे, कारण-कार्याच्या नियमात आहे आणि कुठल्यातरी उपकरणाच्या आकड्यावर पोचतं. उपकरणाने खोलीतला दिवा मोठा होतो, आपण खोलीबाहेर जात नाही. सेन्सरच्या उदाहरणाची मर्यादाही इथेच आहे. थर्मामीटर चुकीचा आहे की काय हे आपण बर्फाच्या पाण्यात बुडवून ताडून बघतो. कॅलिब्रेशन! मनाचं कॅलिब्रेशन कशाशी करणार? ज्या प्रमाणाशी ताडायचं तेही याच मनाने बघायचं. हा चष्मा काढून, जग आधी बघून, मग चष्मा परत लावून फरक मोजता येत नाही. म्हणूनच इथे 'अजून शोध लागलेला नाही' हे उत्तर चालत नाही.

दुसरा घोटाळा आपल्याकडचा खास. कांटचं नाव निघालं की कोणीतरी म्हणतंच, हे तर आपल्या वेदांतात आधीच आहे, माया आणि ब्रह्म! साम्य आहे यात शंका नाही. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य'मध्ये (१९१५) कांटची चर्चा केली आहे ती उगीच नाही. पण दोन फरक फार मोठे. कांट दिसणाऱ्या जगाला भ्रम म्हणत नाही. सगळ्यांचा चष्मा एकच आहे, म्हणून त्यातून दिसणारं सगळ्यांना तपासता येतं आणि ते पक्कं खरं आहे. आणि वेदांतात ज्ञानाने पलीकडे जायची वाट आहे. कांट म्हणतो वाट नाही, कोणालाच नाही, ना प्रोफेसरला ना स्वेडनबोर्गला. जो कोणी 'मी पाहून आलो' म्हणेल त्याने जे पाहिलं तेही दिसलेलंच.

पुस्तक आलं तेव्हा मित्रांनीही ते वाचलं नाही. बर्लिनचा मेंडेल्सझोन हा केवढा विद्वान, त्याने प्रकृतीला झेपत नाही म्हणून बाजूला ठेवलं. १७८२ मध्ये पहिलं मोठं परीक्षण आलं त्यात, हे तर बर्कलीसारखंच, जग आपल्या मनातच आहे असं म्हणणं, असा शेरा होता. कांट चिडला. बाहेर वस्तू नाहीत असं मी कुठे म्हणालो! लोकांना समजावं म्हणून त्याने १७८३ मध्ये एक लहान पुस्तक लिहिलं आणि १७८७ मध्ये मोठ्या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती काढली.

सगळ्यात अवघड प्रश्न त्याच वर्षी याकोबीने विचारला. मला तरी तो अजून बिनतोड वाटतो. तुम्ही म्हणता बाहेरची वस्तू आपल्यावर परिणाम करते, म्हणून आपल्याला संवेदना होते. म्हणजे ती वस्तू 'कारण' झाली. पण कारण-कार्य हा साचा तर फक्त चष्म्याच्या अलीकडे चालतो असं तुम्हीच सांगता! मग पलीकडच्या वस्तूबद्दल तो कसा वापरला? ती वस्तू मानल्याशिवाय तुमच्या विचारात शिरता येत नाही आणि ती मानली की आत राहता येत नाही. पुढच्या पिढीच्या फिख्टे, हेगेल वगैरेंनी मग ती पलीकडची वस्तूच काढून टाकली. कांटच्या बाजूचे म्हणतात की ती कोणी दुसरी वस्तू नव्हेच; तीच वस्तू, पण आपल्या दृष्टीखेरीज विचारात घेतलेली. हा वाद अभ्यासकांत आजही मिटलेला नाही.

कांटने ती वस्तू का सोडली नाही? मला वाटतं तिथे त्याचं तत्त्वज्ञानापेक्षा मोठं काहीतरी अडकलेलं होतं. सगळं जर कारणांच्या साखळीनेच चालत असेल तर माणूसही यंत्रच. चोरी करणारा म्हणेल, माझ्या मेंदूतले अणूच तसे होते. मग चांगलं-वाईट, जबाबदारी, शब्द पाळणं, सगळं बाद. पण साखळी ही चष्म्यातली असेल, तर चष्म्यापलीकडे मी स्वतः स्वतंत्र असू शकतो. 'असतो' असं सिद्ध करता येणार नाही, पण 'नसतोच' असंही कोणी सिद्ध करू शकणार नाही. ईश्वराचं, आत्म्याचंही तेच. बंद केलेल्या दारामागे त्याने तेवढी जागा राखून ठेवली, आणि १७८८ च्या दुसऱ्या 'चिकित्सेत' कर्तव्याचा विचार त्या जागेवर उभा केला. कवी हाइनेने पुढे थट्टा केली की पहिल्या पुस्तकात देव बाद केला आणि मग म्हातारा नोकर लांपे रडवेला झाला म्हणून परत आणला.

काही ठिकाणी कांट सरळ चुकला. आपल्या पाहण्याच्या रीतीतच युक्लिडची भूमिती बसलेली आहे, असं तो धरून चालला. लोबाचेव्हस्कीने १८२९ मध्ये आणि रीमानने १८५४ मध्ये वेगळ्या भूमिती उभ्या केल्या आणि १९१५ मध्ये आइनस्टाइनने त्यातली एक प्रत्यक्ष विश्वाला लावून दाखवली. जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळं दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंदांनी पुढे जातात, ती दुरुस्त करावी लागतात, म्हणजे काळाचा अक्षही कांटला वाटला तेवढा सरळ नाही. दुसरी चूक जास्त बोचते. गावाबाहेर न गेलेला हा माणूस प्रवासवर्णनं वाचून भूगोल शिकवायचा, आणि त्या वर्गांत आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या लोकांबद्दल जे सांगायचा ते आज वाचवत नाही. सगळ्या मानवजातीच्या चष्म्याचा नंबर काढणाऱ्याला स्वतःच्या गावाचा चष्मा दिसला नाही.

पन्नाशी-साठीतला कांट म्हणजे मग ते प्रसिद्ध वेळापत्रक. पहाटे पाचला लांपे उठवणार, चहा, एक चिलीम, सातला लेक्चर, मग लेखन, दुपारी एकला दिवसातलं एकमेव जेवण, आणि तेही पाहुण्यांबरोबर. माणसं तिघांपेक्षा कमी नकोत, नवांपेक्षा जास्त नकोत. टेबलावर तत्त्वज्ञान काढायचं नाही! मोहरीची चटणी स्वतः घोटायची. मग फिरायला. त्याच्या फिरण्यावर लोक घड्याळं लावत आणि रूसोचं 'एमिल' हातात पडलं तेव्हाच काय तो खंड पडला, ही गोष्ट सगळे सांगतात. दंतकथा असेल, पण त्याच्या घरात एकच चित्र होतं आणि ते रूसोचं होतं. मोजे वर धरायला बंद बांधले तर रक्त अडतं म्हणून त्याने एक जुगाड केला होता: खिशात घड्याळाच्या डबीसारखी डबी, आत स्प्रिंग, तिला दोरी आणि दोरीचा हूक मोज्याला. मेकॅनिकलवाल्यांनी दाद द्यावी. शेजारच्या तुरुंगातले कैदी खिडक्या उघड्या टाकून मोठ्याने भजनं म्हणतात, म्हणून त्याने अधिकाऱ्यांकडे तक्रारही केली होती.

१७९४ मध्ये राजाचं पत्र आलं. धर्मावर लिहिणं थांबवा, नाहीतर परिणाम भोगा. सत्तर वर्षांच्या कांटने राजाची प्रजा म्हणून गप्प राहीन असं लेखी दिलं. राजा १७९७ मध्ये वारला, तेव्हा वचन त्या राजापुरतंच होतं असं ठरवून तो पुन्हा लिहायला लागला. वकिली म्हणा हवं तर.

१७९६ मध्ये त्याने शिकवणं थांबवलं. मग हळूहळू ते यंत्रच बिघडत गेलं. आधी नावं गेली, मग दिवस. चिठ्ठ्यांवर सगळं लिहून ठेवायला लागला. चाळीसेक वर्षं बरोबर असलेल्या लांपेला १८०२ मध्ये काढावं लागलं, आणि नव्या नोकराला त्याच नावाने हाक जायला लागली म्हणून त्याने वहीत लिहून ठेवलं की लांपे हे नाव आता पूर्ण विसरायचं आहे. हवेत एक विचित्र वीज भरली आहे, त्यामुळे आपलं डोकं जड होतं आणि त्यामुळेच युरोपात मांजरं मरतात, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. कॉफी मागितली की मिनिटभरही थांबवत नसे. दहा मिनिटं म्हणजे किती, हे कळेनासं झालं होतं. वासियान्स्की नावाचा जुना विद्यार्थी, आता धर्मगुरू झालेला, त्याचं सगळं बघायचा. या शेवटच्या दिवसांची हकिगत आपल्याला त्याच्यामुळे माहीत आहे.

मृत्यूच्या नऊ दिवस आधी डॉक्टर बघायला आले. कांट खुर्चीवरून उठून उभा राहिला. शब्द नीट फुटत नव्हते, पाय लटपटत होते, पण बसेना. डॉक्टरांना कळेना. वासियान्स्कीने सांगितलं की पाहुणा बसल्याशिवाय ते बसणार नाहीत. डॉक्टरांचा विश्वास बसला नाही, पण ते बसले. मग कांट बसला, आणि सगळा जोर एकवटून म्हणाला की माणुसकीची जाणीव अजून आपल्याला सोडून गेलेली नाही.

१२ फेब्रुवारी १८०४ ला तो गेला. थंडी एवढी होती की जमीन दगडासारखी गोठली होती, खणता येईना. सोळा दिवस देह तसाच ठेवावा लागला. गावातले लोक, श्रीमंत आणि गरीब, रोज रांगेने बघायला येत होते. त्यातल्या बहुतेकांनी त्याचं एक पानही वाचलेलं नव्हतं. २८ फेब्रुवारीला शहरातल्या सगळ्या चर्चच्या घंटा वाजल्या, विद्यार्थ्यांनी शवपेटी उचलली आणि हजारो लोक मागून चालत बेटावरच्या कॅथेड्रलपर्यंत गेले.